झिजल्या टाचेची राणी

कुंभकोणम्,
३० ऑगस्ट २०२४

सौ. त्रिपुरसुंदरीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालते. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्याहून सहा वर्षांनी थोर आहेत, त्या मानाने बरे चालतात.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन माझा असला तरी डोकं त्यात सौंदर्याचं असतं. सौंदर्या म्हणजे आमची सून, अरुणची बायको. लग्नाला तू नव्हतीस म्हणून ओळख करून देते. पोरगी कामाला वाघ आहे, पण हल्ली मागच्या अंगणात जाऊन कोणाशी तरी हळू आवाजात बोलते आणि मी दिसले की फोन ठेवते. मी विचारत नाही. नुसती लक्षात ठेवते.

शिवाय पुण्यात पस्तीस वर्षं काढून तुझी भाषा गुळगुळीत झाली. आमचं घरचं बोलणं तुझ्या नातवंडांना कीर्तनातलं वाटतं म्हणे. म्हणून अप्पांनी पाटीवर गिरवून घेतलेली पुस्तकी मराठी लिहिते आहे. चुका काढू नकोस. गणिताच्या मास्तरणीच्या चुका काढायच्या नसतात.

आता कारण. गेल्या आठवड्यात जननीच्या शाळेतून चिठ्ठी आली. जननी ही अरुणची मुलगी, सात वर्षांची. चेन्नईहून गोपालकृष्ण नावाचा कोणी फोटोग्राफर आला आहे. जगभरातली मुलं आणि त्यांची आवडती खेळणी असं एक पुस्तक निघायचं आहे, त्यात आपल्या भागातली चार-पाच मुलं हवीत, घरी येऊन फोटो काढणार. जननी नाचायला लागली. मी चिठ्ठी तीनदा वाचली. मुलांच्या खेळण्यांचे फोटो काढायला कोणी एवढा प्रवास करतं का? या गावात जुनी पितळ, जुने दरवाजे, नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या कोलूच्या जुन्या बाहुल्या हुंगत कोण कोण फिरतं ते मी पाहिलं आहे. गोड बोलतात, कॉफी पितात, आणि पुढच्या महिन्यात आपली समई कुठल्या तरी हॉटेलच्या दारात उभी असते.

तर तो काल आला. दाढी आहे. बूट मात्र न सांगता बाहेर काढले. जननीची भीड मोडावी म्हणून त्याने लॅपटॉपवर इतर देशांतली मुलं दाखवली. केनियातला एक मुलगा, त्याने तारेची मोटार स्वतः वळवली आहे आणि तिला चाकं लावली आहेत बाटल्यांच्या बुचांची. नॉर्वेतला एक, पलंगभर डायनोसॉर मांडून मधोमध पोलिसपाटलासारखा बसलेला. पेरूमधली एक पोरगी, तिच्या काखेत डोळे नसलेली कापडी मेंढी. त्या मेंढीला हात लावू दिला नाही म्हणे तिने. मला ते फोटो आवडले, खोटं कशाला बोलू? पण मग तो म्हणाला, "घरात एखादी जुनी बाहुली आहे का, आजी-पणजीच्या वेळची, जिच्याशी अजून मुलं खेळतात?"

पाहा. बरोबर तिथेच आला.

मी नाही म्हणायच्या आत जननी पळाली आणि आपला राजा घेऊन आली. आईच्या लग्नात आलेली रक्तचंदनाची जोडी, त्यातला राजा. मी तो तिच्या हातून काढून घेतला. कोलूच्या वरच्या पायरीवर मानाने उभा राहणारा तो, खेळणं आहे का? पोर रडायला लागली.

"आजी, ह्याची राणी कोठे गेली?"

"मज काय ठाऊक, पापा? हरवली." पापा म्हणजे इकडे बाळ, विसरली नसशील.

दाढीवाला लगेच, "ही जोडीच असते ना? दुसरी खरंच हरवली?" त्याला काय पडलं आहे, सांग बरं. शेवटी जननीने आपली लाकडी चूल-भांडी पुढ्यात मांडली, त्याने फोटो काढले आणि गेला.

'हरवली' हा शब्द मी मोठ्या मनाने वापरला, हे तुझ्या लक्षात येईल.

सहज विचारते. आई गेली त्या वर्षी तू नवरात्राला आली होतीस. आई अंथरुणात होती. विजयादशमीच्या संध्याकाळी एक बाहुली निजवली की कोलू संपला, हा आपला रिवाज, आणि आईच्या सांगण्यावरून राणीला तू निजवलंस. दुसऱ्या दिवशी तू पुण्याला गेलीस. मी पायऱ्या उतरवल्या, बाहुल्या फडक्यांत गुंडाळून पेटीत भरल्या. निजलेली राणी तूच उचलून ठेवली असशील असं धरलं. पंधरा दिवसांनी आई अचानक गेली. पुढचं नवरात्र सुतकाच्या वर्षातलं, म्हणून पेटी उघडलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी उघडली, तर राजा एकटा.

मी काही म्हणत नाही. तेव्हाही म्हटलं नव्हतं. फोनवर एकदा, पाहुणे येऊन गेले की घरातल्या वस्तूंना पाय फुटतात, एवढंच बोलले होते, ते तू मनाला लावून घेतलंस. नेली असशील तर लिही. मी रागावणार नाही. आईची आठवण कोणाला नको असते? फक्त मागून न्यायची.

तुझी,
आक्का


कुंभकोणम्,
८ सप्टेंबर २०२४

सौ. त्रिपुरसुंदरीस आशीर्वाद.

मागचं पत्र अजून माझ्या टेबलावरच आहे. घरात तिकिटं नव्हती. आता वाटतं, बरंच झालं. त्यात मी फार मऊ लिहिलं होतं.

काल पिळ्ळैयार चतुर्थी. कोळुकट्टै वळत होते, तुझ्या भाषेत मोदक. तेवढ्यात तो गोपालकृष्ण पुन्हा हजर. जननीचा फोटो कागदावर काढून आणला होता. फोटो बरा आला आहे, तिच्या पुढचे दोन दात नाहीत तेही गोड दिसतं. सौंदर्याने त्याला बसवलं, खायला दिलं. मी म्हटलं, बाकी कोणाकोणाचे काढलेस ते दाखव. माझा हेतू वेगळा होता. खरंच फोटो काढतो की घरं हेरतो, ते पाहायचं होतं.

त्याने दाखवले. दारासुरमचा एक मुलगा, हातमागाच्या रिकाम्या कांड्यांची आगगाडी केलेली. मग पट्टीश्वरमची एक मुलगी. सहा-सात वर्षांची, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि कडेवर जुन्या कापडात गुंडाळलेली लाल लाकडी बाहुली.

मी म्हटलं, मोठं कर. तो मोठं करत गेला आणि मी बाहुलीच्या पायाशी आले. डावी टाच. आतल्या बाजूने तिरकी झिजलेली.

सुंदरी, तुला आठवतं ना? आपल्याला गालगुंड झालं की आई सहाण घ्यायची, पाण्याचे चार थेंब टाकायची आणि राणीची टाच त्यावर उगाळून लाल लेप आपल्या गालाला लावायची. आई डावखुरी, म्हणून टाच तिरकी झिजली. मी एकदा विचारलं होतं, राजाला का नाही गं उगाळत? तर म्हणाली, "तो मानाचा उभा राहिला पाहिजे, बाय. झिजायचं ते आपण." अशी टाच साऱ्या तंजावूर जिल्ह्यात दुसरी असायची नाही.

"ही कोणाची मुलगी?" मी विचारलं.

"सूर्या नाव. आजीजवळ राहते. आजी पूर्वी आजारी माणसांची सेवा करायला घरोघर जायची म्हणे. अंजलै."

आता तूच बघ. अंजलै म्हणजे आईच्या शेवटच्या महिन्यात आपल्याकडे असलेली बाई. मी रात्रभर समीकरण मांडलं आणि ते दोनच तऱ्हांनी सुटतं. एक, अंजलैने राणी चोरली. दोन, तू तिला दिलीस. पहिलं मला पटत नाही. आईच्या उशाखाली पैसे असायचे, त्यांना त्या बाईने कधी हात लावला नाही. आणि दुसऱ्याला पुरावा आहे. तू निघालीस त्या सकाळी मी ओट्यावर उभी होते. रिक्षात बसायच्या आधी तू अंजलैला कोपऱ्यात बोलावलंस आणि तिच्या हातात एक पिशवी दिलीस. माझ्याकडे वळून पाहिलंस, मी पाहते आहे का ते. मी पाहत होते.

अकरा वर्षं मी ती पिशवी डोळ्यांसमोरून हलू दिलेली नाही.

आईची वस्तू, जिच्या टाचेत आपलं अख्खं बालपण उगाळलं गेलं, ती तू परक्या बाईला वाटून टाकलीस? मी दहा वर्षं आईचं सगळं केलं. तू वर्षातून दहा दिवस येऊन बाकरवड्या वाटायचीस आणि आईला वाटायचं, लेक असावी तर अशी. मी हे कधी बोलले नाही. आता बोलते आहे. आई अचानक गेली, तेव्हाही तू पोचलीस ते सगळं आटोपल्यावर, आणि रडलीस मात्र माझ्यापेक्षा जास्त.

मंगळवारी पट्टीश्वरमला जाणार आहे. राजाला पिशवीत घालून नेणार, पुरावा म्हणून. जोडी जुळवून दाखवली की कोणाला तोंड वर करता यायचं नाही. मग तुला लिहीन ते शेवटचंच.

मीनाक्षी


कुंभकोणम्,
११ सप्टेंबर २०२४

सुंदरी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तू पत्र शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

काल गेले. जननीच्या शाळेला सुट्टी होती, ती हट्टाने बरोबर आली. बसमध्ये तिने राजाला मांडीवर घेतलं, मीही घेऊ दिलं. पुरावा तिच्या हातात असला काय आणि माझ्या काय.

अंजलै ओसरीवर शेवग्याचा पाला निवडत बसली होती. पार वाकली आहे. मला ओळखलं, उठायला गेली, मी बस म्हटलं. पाणी आणलं, ते मी घेतलं नाही. राजाला तिच्या पुढ्यात उभं केलं आणि विचारलं, "ह्याची जोडीदारीण तुझ्या घरात कशी आली?" माझी बोलण्याची तऱ्हा तुला माहीत आहे. तिसरीच्या वर्गात कोणी पेन्सिल चोरली की विचारायची तीच.

तिने राजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घाबरली नाही. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं, मी तुला मराठीत सांगते.

"अम्मा, तुम्हीच दिलीत की."

"मी?"

"मोठ्या अम्मा गेल्या त्या दिवशी तुम्ही गादी, उशी, चादरी सगळ्याचं गाठोडं बांधून मला दिलंत. हे घेऊन जा, पुन्हा घरात नको, म्हणालात. मी उन्हात टाकायला उशीचा अभ्रा काढला, तर आत ही. चौथ्या दिवशी परत घेऊन आले. तुम्ही दारातच हात आडवा केलात."

आणि मला तो हात आठवला, सुंदरी. माझाच हात. अंजलै उंबऱ्याबाहेर उभी, छातीशी फडक्यात काहीतरी धरलेलं. मला वाटलं एखादी चादर चांगली आहे म्हणून परत आणली असेल. सुतक चालू होतं. मी म्हटलं, "मयताबरोबर बाहेर गेलेलं उंबऱ्याच्या आत येत नाही. काय असेल ते तुझं." ती म्हणाली, अम्मा, एकदा पाहा तरी. मी पाहिलं नाही. दार लावून घेतलं.

रिवाज मी पाळला. इतका चोख पाळला की राणी दारात आली आणि मीच तिला हाकलली. आणि त्याचा डाग तुझ्या पदराला लावला.

मी विचारलं, ती उशीत गेली कशी? अंजलैने मान खाली घातली. तू राणीला आईच्या उशीशी निजवलं होतंस. आई म्हणाली, राहू दे माझ्यापाशी. मग रोज मी खोलीत यायच्या वेळी आई तिला अभ्र्यात सरकवायची. "तुम्ही उचलून पेटीत ठेवाल म्हणून," अंजलै म्हणाली. आणि आईचं बरोबर होतं. मी ठेवलीच असती. वस्तू जागच्या जागी पाहिजेत, हे मी आईलासुद्धा सांगायचे.

आता पिशवी. विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं. पिशवीत अंजलैसाठी साडी होती, आणि तुझ्या फोन नंबरची चिठ्ठी. आईचं काही कमीजास्त झालं तर आक्का सांगो न सांगो, तू मला कळव, असं तू तिला म्हणाली होतीस. तुलाही माझा संशय होता तर. आणि तुझा खरा होता.

पहिल्या दोन पत्रांत मी 'आई अचानक गेली' असं दोनदा लिहिलं आहे. अकरा वर्षं सगळ्यांना तेच सांगितलं. अचानक नव्हतं, सुंदरी. आईला जायला दोन दिवस लागले. डॉक्टर पहिल्याच सकाळी म्हणाले होते, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. आई डोळे उघडायची आणि विचारायची, "सुंदरी आली का गं?" मी तिच्या तोंडात पाणी घालायचे, तिचं अंग पुसायचे, आणि ती विचारायची, सुंदरी आली का. दहा वर्षांत तिने मला एकदा 'दमलीस का' असं विचारलं नव्हतं. दुपारी अंजलै चिठ्ठी घेऊन आली, फोन करू का म्हणाली. मी म्हटलं, मी कळवलं आहे, ती निघाली आहे. आईलाही तेच सांगितलं. निघाली आहे, गाडीत आहे, येईलच. आईने ते खरं मानलं आणि दाराकडे तोंड करून वाट पाहत राहिली.

मी तुला फोन केला तो आई गेल्यावर.

मला वाटलं होतं, संध्याकाळी करीन. मग वाटलं, सकाळी. खरं कारण लिहायचं तर, शेवटचे ते दोन दिवस मला आई एकटीसाठी हवी होती. ती तशीही मिळाली नाही.

मग दोन वर्षांनी पेटी उघडली, राणी नव्हती, आणि सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. तू चोर ठरलीस की माझा अपराध हलका होत होता. म्हणून मी तुला कधी सरळ विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग माझ्याजवळ काय उरलं असतं? अरुणच्या लग्नाची पत्रिका नुसती पोस्टाने टाकली, तीही याच हिशेबाने.

हे मी अंजलैला सांगितलं नाही. तिला ते तेव्हापासूनच ठाऊक होतं, असं तिच्या डोळ्यांवरून वाटलं. मी पाणी मागून घेतलं आणि प्यायले.

एवढ्यात सूर्या शाळेच्या मैदानावरून आली, राणी कडेवर. राजाला पाहून थबकली. मग माझ्याकडे पाहिलं आणि राणीला दोन्ही हातांनी पाठीमागे लपवलं. पोरांना बरोबर वास येतो. जननीने मात्र मध्यस्थी केली. म्हणाली, "भिऊ नको, हा तिचा नवरा. लई दिवसांनी आलाय." हे ती तमिळमध्ये म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. पाच मिनिटांत राजा-राणीला शेजारी बसवून पाल्याचं जेवण वाढणं चाललं होतं. मानाचा राजा पहिल्यांदा कोणाच्या तरी घरी जेवला.

मी सूर्याला विचारलं, तुझ्या बाहुलीचं नाव काय?

"पाट्टी."

आजी. अंजलैने तिला सांगितलं होतं म्हणे, ही मराठी रायरांच्या, म्हणजे आपल्या, घरातल्या एका आजीच्या उशीत सापडली. म्हणून ती पाट्टीच. ताप आला की सूर्या तिला गालाशी धरून झोपते. कोणी उगाळत नाही. मी टाचेवरून बोट फिरवलं. सूर्याने लगेच सांगितलं, "तिथे दुखतं तिला. हळू."

मी राणी परत मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं, आणि मागावीशी वाटलीही नाही. निघताना अंजलैच म्हणाली की नवरात्राचे नऊ दिवस सूर्या पाट्टीला घेऊन येईल, कोलूवर उभी करेल, दहाव्या दिवशी परत नेईल. चालेल का? मी म्हटलं, या वेळी माझा हात आडवा येणार नाही.

घरी येऊन सौंदर्याला सगळं सांगितलं, तू सोडून पहिलं तिलाच. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "अत्तै, मी एक सांगू? रागावू नका. अंगणात मी पुण्याच्या मावशींशी बोलत्ये. दर आठवड्याला. त्या तुम्ही कशा अहां म्हणून विचारतात." म्हणजे माझ्याच घरातून माझ्याच फोनवरून मला चुकवून तू माझी खबर घेत होतीस. गणिताची मास्तरीण, आणि एवढी सोपी बेरीज जमली नाही.

पहिली दोन पत्रं फाडणार होते. फाडली नाहीत. तिन्ही एकाच पाकिटात घालते आहे. तुझ्याबद्दल मी काय विचार करत होते ते तुला माझ्याच अक्षरात वाचायला मिळालं पाहिजे. माफी माग म्हणशील तर मागते, पण ती मला सहज परवडणारी, स्वस्त वस्तू वाटते, म्हणून आधी हे.

नवरात्र ३ ऑक्टोबरला बसतं, विजयादशमी १२ ला आहे. मी राणीला निजवणार नाही. ते काम आईने तुला दिलं होतं, माझ्याकडून ते होणार नाही. तू आलीस तर निजव, आणि हवं तर माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस. तू आली नाहीस तर राणी तशीच उभी राहील, कोलू उतरणार नाही, आणि सूर्या तिची पाट्टी परत मागायला रोज माझ्या दारात उभी राहील. याला धमकी म्हण. मला दुसऱ्या तऱ्हेने बोलावता येत नाही.

तेव्हा मी आईला सांगितलं होतं, सुंदरी निघाली आहे, गाडीत आहे, येईलच. तेवढं एक खोटं तू आता खरं कर.

दाराकडे तोंड करून बसलेली,
तुझी आक्का